माझी पट्टी काळी पाच

आधी बुवांचं आणि काकूंचं सांगते, मग माझं. कासार आंबोलीत आमच्या बंगल्याच्या मागच्या कुंपणाला लागून ज्यांचा गोठा आहे ते बुवा, आणि त्यांच्या घरच्या काकू. बुवा म्हणजे मोठाली कीर्तनं करणारे बुवा नव्हेत. तीन म्हशी, थोडं भाताचं रान आणि गावच्या भजनाची पेटी, एवढा त्यांचा पसारा. दारावर ‘संगीत वर्ग’ अशी पाटी नाही, भिंतीवर प्रमाणपत्र नाही. तरी तुला गाणं कुणी शिकवलं असं कोणी विचारलं तर मी ह्या दोघांकडे बोट दाखवीन. शिकवलं बुवांनी, आणि गायला बसवलं काकूंनी. हे आधी लिहून टाकलेलं बरं. नाहीतर सांगण्याच्या भरात माझंच कौतुक होऊन बसेल आणि मग माझ्या जिवाला लागून राहील. स्वभावच तसा आहे माझा. गॅस बंद केला का, हे मी तीनदा उठून बघते.

‘आमचा बंगला’ म्हटलं खरं, पण तो आमचा नव्हे. मालक पुण्यात असतात, शनिवार-रविवारी येतात. आम्ही नवराबायको तो सांभाळतो. नवरा बाग आणि पाण्याचं बघतो, मी झाडलोट आणि स्वयंपाक. आम्ही परभणीकडचे. आठवीत शाळा सुटली, नंतर कापूस वेचला, नंतर लग्न, नंतर इथे. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी फारसं कुणाशी बोललेच नाही. माझं ‘काय करायलात’ ऐकून दुकानात एकदा दोघी हसल्या होत्या. तेवढं मला पुरलं.

सोमवार ते शुक्रवार बंगला रिकामा. एवढ्या मोठ्या घरात माणसाचा आवाज नाही. तेव्हा मालकीणताईंनी त्यांचा जुना मोबाईल मला दिला होता, त्यात त्यांच्या मुलीसाठी घेतलेलं गाणं शिकवणारं ॲप होतं. मुलीनं सोडलं, ताई म्हणाल्या, तू बघ हवं तर. त्यात एक बाई मराठीत बोलते. खरी बाई नव्हे, एआयची. आपण सूर लावायचा, बरोबर आला की पडद्यावरची रेघ हिरवी होते, चुकला की लाल. नवऱ्यानं ते मला चालू करून दिलं.

मी त्या यंत्राला नावं ठेवणार नाही. त्यानं मला पहिला धीर दिला. चाळीस वेळा चुकले तरी ते चिडत नाही, ‘छान प्रयत्न, पुन्हा एकदा करू या’ म्हणतं. हसत तर मुळीच नाही. मला तेच हवं होतं. भांडी घासून झाली की ओट्यावर मोबाईल उभा करायचा आणि हळू आवाजात सा लावायचा. सहा महिन्यांत मी अलंकार शिकले, दोन भजनं शिकले. शंभरातले नव्वद, ब्याण्णव गुण पडायचे. शाळेत मला कधी पडले नव्हते तेवढे.

एक मात्र खटकायचं. ती बाई मला म्हणायची, ‘वा, तू फार छान गातोयस! आज तू खूप पुढे गेलास!’

गातोयस. गेलास.

मला वाटलं, पुण्याकडे असंच बोलत असतील. इथली बोली वेगळी, ‘हाय’ म्हणतात, ‘न्हाई’ म्हणतात, तसंच हेही असेल. शिवाय एवढ्या शिकलेल्या यंत्राला आठवीत शाळा सुटलेल्या बाईनं काय सांगायचं? मी आपली मुकाट्यानं गातोयस ऐकून घ्यायचे आणि मनातल्या मनात गातेयस करायचे.

रोज सकाळी मी बुवांकडे दूध आणायला जायची. एके दिवशी किटली एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात, आणि बंद करायला विसरलेलं ॲप. मी गोठ्यापाशी पोचले आणि ती बाई मोठ्यानं बोलली, ‘शाब्बास! आज तू लवकर आलास. रियाज करतोस ना?’

बुवा म्हशीखाली बसले होते. धार थांबली.

‘आँ? कोन आला?’

‘कुणी नाही बुवा. मीच.’

‘आगं पन ती आलास म्हंतीया. कुनाला म्हंतीया?’

‘मला.’

बुवांनी म्हशीच्या पोटाआडून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि असे हसले की म्हशीनं पाय उचलला. चरवी थोडक्यात वाचली. ‘काकू! आगं ये काकू! भायेर ये! बंगल्यावरच्या पोरीचा बाप्या झाला!’ बुवाही स्वतःच्या बायकोला काकूच म्हणतात, सगळं गाव म्हणतं म्हणून.

काकूंनी सगळं ऐकलं, हसल्या नाहीत. ‘सहा म्हैने ती तुला बाप्या म्हंतीया आन तू आयकून घेतलंस? तोंडात काय दातखीळ बसली व्हती?’

मी म्हटलं, मला वाटलं इकडे तसंच म्हणतात.

‘आमी काय बायकांना आलास-गेलास म्हंतो व्हय गं?’ आता मात्र काकूही हसल्या.

मला रडू यायच्या बेतात होतं, पण त्या हसण्यात मला कमी लेखणारं काही नव्हतं. हे कळायला मला चहाचा एक कप लागला. कप काकूंनीच हातात दिला होता.

नंतर उलगडा झाला. चालू करताना नवऱ्यानं सवयीनं स्वतःचं नाव घातलं आणि ‘पुरुष’ वर बोट ठेवलं होतं. त्यापुढे आठवडाभर तो मला ‘दादा, चहा टाका की’ म्हणत होता. पण बुवांना उलगड्याशी कर्तव्य नव्हतं. धारा काढून झाल्या, हात धुतले, आणि गोठ्याच्या ओसरीवर मांडलेल्या पेटीपुढे येऊन ते बसले.

‘गा बरं काय शिकलीस ते.’

मी म्हटलं, मला नाही जमणार. ते म्हणाले, नव्वद गुन काय चोरून आनलेस का? मग मी खाली मान घालून, ओट्यापुढे गाते तशी एक ओळ गायले. बुवांनी पेटीच्या खालच्या सुरांवर बोट फिरवलं.

‘ही काळी एक झाली. बाप्याची पट्टी. तळघरात बसल्यावानी गातीयास. तुजी पट्टी कुटली?’

आणि पट्टी हा शब्द कानावर पडताच माझा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला.

गाणाऱ्यांची पट्टी म्हणजे गळ्याची जागा, कुठल्या स्वरापासून गायचं ती, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नंबरानं सांगतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. ॲपमध्ये तो शब्दच नव्हता, तिथे फक्त रेघ होती. माझी पट्टी म्हणजे गुरुजींच्या टेबलावरची, लाकडी, एका कडेला पत्रा असलेली.

‘हात का लपिवतीयास?’ बुवांनी विचारलं.

मग मला सांगावं लागलं. नवऱ्याखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. आठवीत असताना शाळेत पाहुणे येणार होते. स्वागतगीताला मला उभं केलं, कारण मी शेतात गाते असं कुणीतरी गुरुजींना सांगितलं होतं. गुरुजींनी पेटी धरली त्यांच्या सोयीच्या सुरात. मला खाली पोचता येईना, वर घेतलं तर आवाज चिरकला. सगळी शाळा हसली, पाहुणेही हसले. ते गेल्यावर कार्यक्रम नासवला म्हणून हातावर पाच पट्ट्या. सोमवारी मी शाळेत गेले नाही. मंगळवारीही नाही. कापूस फुटला होता, घरी कुणी जा म्हटलं नाही आणि शाळेतून कुणी विचारायला आलं नाही.

बुवा पेटीच्या भात्यावरचा पेंढा झटकत राहिले. मग म्हणाले, ‘त्यानं त्याची पट्टी धरली आन वर तुलाच पट्टी मारली. लई हुशार मानूस.’

एवढंच. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की त्या शाळेतली चूक माझी नसेलही.

घरी आल्यावर नवऱ्यानं ॲपमध्ये ‘स्त्री’ केलं. ती बाई लगेच गातेयस म्हणायला लागली, माफीही मागितली. मग म्हणाली, तुझा स्वर ठरवू या, आरामात ‘आ’ म्हण. मी म्हटलं. तिनं स्वर ठरवून दिला. दुसऱ्या दिवशी मी तो बुवांना म्हणून दाखवला, तर त्यांनी तोंड वाकडं केलं.

‘अजून खालीच हाय. तिनं काय करावं बिचारीनं? तू भीत भीत आ केलास, तिनं भ्यालेल्या गळ्याचं माप घेतलं.’

‘पण बुवा, माझा आवाजच तसा आहे.’

‘खोटं नगं बोलू. परवा आंब्यावरची माकडं हाकलत व्हतीस तवा न्हवता असला. माझ्या म्हशी बिचकल्या.’

माकडं मी खरंच हाकलली होती. कुंपणापलीकडून कुणी ऐकत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

‘गावाकडं कुनाला लांबनं हाक मारायचीस?’

‘मायला. ती बांधापलीकडच्या रानात असायची, मी भाकरी घेऊन जायची.’

‘मार.’

‘इथे?’

‘हितं न्हाई तर काय परभनीत? मार म्हंतो ना.’

मी इकडेतिकडे बघितलं. पुढे भाताची खाचरं, त्यापलीकडे डोंगर, रस्त्यावर कुणी नाही. डोळे मिटले. आमच्याकडे डोंगर नाही, सपाट काळं रान, लांबवर मायचं लाल लुगडं ठिपक्याएवढं. मी हाक मारली. ‘ये माऽऽऽय!’

एका म्हशीनं मान वळवली. काकू पिठाच्या हातानं धावत आल्या, ‘काय झालं? कोन पडलं?’ आणि बुवांची बोटं पेटीवर सुरासुरांतून वर चढत चढत एका जागी थांबली. तोच आवाज. माझी हाक पेटीतून निघत होती.

‘हाक पंचमाला लागली,’ ते म्हणाले. ‘आता हितनं खाली येऊ. पा, म, ग, रे, सा. ही बघ. काळी पाच. ही तुजी पट्टी. कुनी इचारलं तर सांगायची, हात नाय लपवायचा.’

मी त्या सुरावर सा लावला. छातीत काहीतरी मोकळं झालं. सहा महिने मी गाण्यासाठी हनुवटी दाबून धरत होते, ती आपोआप वर आली. त्या दिवशी दूधाची किटली ओसरीवरच विसरले, दुपारी परत आणायला गेले तोवर दूध नासलं होतं. पण मला कशाचंच काही वाटलं नाही, आणि मला कशाचं काही न वाटणं ही आमच्या घरात बातमी होती.

मग रोज अर्धा तास. बुवा फी घेत नाहीत आणि धड शिकवतही नाहीत, म्हणजे पुस्तकात असतं तसं नाही. मध्येच उठून वैरण टाकतात. ‘आज तुजं ध्यान न्हाई, घरी काय बिनसलंय?’ असं विचारतात, आणि खरंच बिनसलेलं असतं. माझा मोबाईल मात्र त्यांना आवडला. त्यातला तानपुरा लावून ठेवायचे. ‘ही बाय बरी हाय. हिचा हात दुकत न्हाई.’ घोटून घ्यायचं काम ते तिच्याकडे सोपवायचे, ‘जा, घरी तिच्यासंगं पन्नास बार म्हन, मला त्येवडा येळ न्हाई.’ मालकीणताई एकदा म्हणाल्या, आता मोबाईलच सगळं शिकवतो, बुवांसारख्यांचं पुढे अवघड आहे. मला त्याची काळजी लागली. चार दिवस मनात ठेवून शेवटी मी बुवांना सांगितलं.

‘शिकवंल की. मी कुटं न्हाई म्हंतोय?’ बुवा म्हणाले. ‘पन तिला म्हनावं, माकडं हाकलताना आयकून दाव.’

त्या वर्षी गावच्या सप्त्यात बायकांच्या भजनाला पुढे गाणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. पुढे कोण बसणार? काकूंनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं. शाळेनंतर मी माणसांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. ओसरीवर गाणं वेगळं. तिथे बुवा, काकू आणि तीन म्हशी. इथे अख्खं गाव, मांडव, माईक. पुन्हा चिरकले, तर मला हे गावही सोडावं लागेल असं वाटत होतं, आणि ह्या वेळी माघारी जायला कापसाचं रानही जवळ नव्हतं.

भजनाच्या दिवशी दुपारी मी निरोप धाडला की बंगल्यावर पाहुणे आलेत, मला येता येणार नाही. नवरा म्हणाला, खोटं बोलतेस. म्हटलं, हो.

दहा मिनिटांत काकू फाटकात उभ्या. नऊवारी नवी, कपाळावर बुक्का. अंगणात गाडी नाही, चप्पल नाही, काही नाही.

‘कुटं हायेत पावनं? आंब्यावर बसल्यात?’

मी पाठमोरी होऊन ओटा पुसत राहिले. काकूंनी हातातलं फडकं काढून घेतलं. ‘हे बग, भ्या वाटतंय तर वाटू दे. मला बी वाटतंय, टाळ चुकला तर सगळं गाव मला हसंल. पन तितं चल. हितं बसून काय, मोबाईलवरची रेघ हिरवी करतीस?’

गेले. देवळापुढच्या मांडवात बायका टाळ घेऊन बसल्या होत्या. बुवा पेटीवर. नुकतंच पुरुषांचं भजन संपलं होतं, चहा फिरत होता. मला पुढे बसवलं, माईक तोंडाशी आणला. बुवांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि भाता ओढला.

पहिल्याच सुराला मला कळलं. काळी एक. पुरुषांची पट्टी. आताच त्यांच्यासाठी वाजवलं होतं, बोटं तिथेच राहिली होती.

तो क्षण मला अजून नीट आठवतो. चिरकायची गरजच नव्हती. खाली मान घालून, हनुवटी दाबून, तळघरातल्यासारखं पुटपुटत सगळं भजन पार पाडता आलं असतं. सहा महिन्यांची सवय होती. कुणी हसलं नसतं, कुणाला ऐकूही आलं नसतं. माझी हनुवटी खाली जायलाही लागली.

‘बुवा,’ मी म्हटलं, ‘पट्टी.’

‘आँ?’ बुवा वाजवतच होते.

‘बुवा, माझी पट्टी काळी पाच!’

हे मी माकडांच्या आवाजात म्हणाले. माईक किंचाळला. मांडवात सगळ्यांनी माना वळवल्या, चहाचे कप हातात थांबले. पेटी थांबली. बुवांनी आपली बोटं बघितली, मग दोन्ही कान धरले. ‘चुकलं माजं, बाय. चुकलं.’

गाव हसलं. पण बुवांना. ‘बुवा, म्हातारं झालासा!’ पाठीमागून कुणीतरी ओरडलं. बुवांनी ‘तुज्या बापाला इचार कोन म्हातारं झालंय’ असं त्याला तिथूनच परत केलं आणि काळी पाचवर बोट ठेवलं. मग थांबले. सगळा मांडव माझ्यासाठी थांबला होता.

मी गायले. फार चांगलं गायले असं नाही. दुसऱ्या कडव्यात शब्दच गेले, मागच्या बायकांनी उचलून धरले. काकूंचा टाळ दोनदा चुकला. पण आवाज देवळाच्या पायऱ्यांवरून पलीकडे खाचरांपर्यंत जात होता आणि मला तो जाताना ऐकू येत होता. शेवटाला टाळ एवढे चढले की मी काय गाते ते मलाच कळेना, आणि मला हसू यायला लागलं. गाता गाता हसत होते. तसं भजन करतात का, कुणास ठाऊक.

मायला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘काय गायलीस ते ऐकव की.’ ऐकवलं. मग, ‘जेवलीस का?’

माझ्या मनात पुढे बरेच दिवस एक शंका होती. बुवांनी मुद्दाम तर चुकीची पट्टी धरली नसेल? मी बोलते का ते बघायला? एकदा काकूंना विचारलं.

‘मुद्दाम?’ काकू म्हणाल्या. ‘त्येला च्यात साकर हाय का मीठ ते कळत न्हाई. मुद्दाम करतोय!’

बुवांना मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आता मी त्यांच्याकडे पेटी शिकते आहे. कारण सांगते. परवा धार काढता काढता बुवा मध्येच थांबले आणि बोटं चोळत बसले. काकू म्हणाल्या, सकाळी मूठ वळत न्हाई त्याची, दवाखान्यात ये म्हनलं तर यील तर शपथ. बुवा म्हणाले, ‘म्हशीपुरती चालत्यात की.’ पेटीचं ते काही बोलले नाहीत. मी ऐकलं ते.

म्हणून इथे लिहून ठेवते, कारण लिहिलं की मला मागे फिरता येत नाही. बुवा, तुमची बोटं ज्या दिवशी पेटीला नाही म्हणतील, त्या दिवशी मी पेटीवर बसेन. तुम्ही फक्त गायचं. वैरण टाकायला मध्येच उठलात तर मी भाता धरून थांबेन. आणि सुरू करायच्या आधी, दर वेळी, मी तुम्हाला पट्टी विचारीन.